पाच खिडक्यांसाठी रस्सीखेच

३ फेब्रुवारी

चि. शिट्टीस,

आशीर्वाद आहेतच, ते उचल आणि लगेच पुढे वाच, काम तातडीचं आहे.

फोन केला असता, पण तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्ट्या फुंकून तुझ्या कानांचं काय झालंय ते मला ठाऊक आहे, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. वाचून झालं की पत्र फाडून टाक. बायकोला दाखवू नकोस. दाखवशीलच, पण मी नको म्हटलं होतं एवढं लक्षात असू दे.

मला दिसेनासं झालंय. अगदी आंधळी झालेले नाही. बस येताना दिसते, तिचा नंबर दिसत नाही. आमच्या शिलाई कारखान्यात सध्या काळ्या कोटांची ऑर्डर आहे, आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने हाताने काजं करणं हे माझं काम. एकवीस वर्षं तेच करतेय. आता सुई कुठे आहे ते बोटाला टोचली की कळतं. तपासणीतून एक कोट परत आला तर समज मिळते, दुसरा आला तर घरची वाट. अजून एकही आलेला नाही, बोटांना सवय आहे म्हणून निभावतंय. पण असं किती दिवस निभावणार? मला अजून तीन वर्षं काम करायचंय. घरी बसून भिंतींशी गप्पा मारायच्या तर भिंतींचंही कठीण होईल.

दोष डोळ्यांचा नाही, उजेडाचा आहे. आमचा शिलाई विभाग मागच्या हॉलमध्ये. तिथे खिडकी एकच, आणि ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. पुढचा हॉल गेल्या महिन्यात रिकामा झाला. त्याला पाच खिडक्या, सकाळपासून ऊन. तो आम्हाला हवाय आणि पॅकिंगवाल्यांनाही हवाय, कारण तिथून रस्ता जवळ, खोकी कमी वाहावी लागतात. मालकांना कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणायलाही आठवडा लागतो. शेवटी काल चहाच्या वेळी स्टुलावर उभे राहून त्यांनी जाहीर केलं की एक मार्चला, कारखान्याच्या वाढदिवशी, दोन्ही विभागांची रस्सीखेच होईल. आठ विरुद्ध आठ. जिंकेल त्याचा हॉल.

पॅकिंगवाले दिवसभर खोकी उचलतात. त्यांच्या म्होरक्याला सगळे पैलवान म्हणतात, आणि ते थट्टेने नाही. आमच्यात जड म्हणावा असा एक इस्त्रीवाला, आणि तोही उन्हाळ्यात वाफेने उतरतो. बाकी आम्ही सहा बायका आणि वाळक्या शेंगेसारखे कटिंगमास्तर.

तू मुलांकडून रस्सीखेच करून घ्यायचास. कसं जिंकायचं ते कळव. उजेड मिळाला की माझं काम सुरळीत होईल आणि कुणाला काही कळायचं कारण उरणार नाही.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पाठ धरली असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे.

पत्र वाचलं, हिला दाखवलं नाही. ही स्वयंपाकघरातून विचारतेय की वन्संची बस कितव्या नंबरची.

आधी डोळे. डॉक्टरकडे जा. एवढं सांगून मी तो विषय संपवतो, कारण कुणी सांगितलेलं तू ऐकलंस असा एकही प्रसंग मला आठवत नाही.

आता रस्सीखेच. योग्य माणसाला विचारलंस. रस्सीखेच म्हणजे ताकद नव्हे ताई, शिस्त. माझ्या संघांनी मैदानं गाजवली ती शिस्तीवर. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं कर. इस्त्रीवाला शेवटी, दोर त्याच्या कमरेभोवती. बाकीच्यांनी दोर काखेत दाबून मागे झुकायचं. रोज सकाळी पन्नास उठाबशा. इशारा द्यायला एकच माणूस हवा, आणि तो माणूस तू नसावीस. तू ओरडलीस की माणसं आधी घाबरतात आणि मग ऐकतात, त्यात वेळ जातो.

पुढची प्रगती कळव. अडचण आली तर मी इथे आहेच.

तुझा धाकटा भाऊ


१६ फेब्रुवारी

चि. शिट्टीस,

आशीर्वाद, पण या खेपेला हात जरा आखडता घेतलाय.

तू इथे आहेस म्हणतोस, पण तू तिथे आहेस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला परवा कळलं. पहिल्या दिवशी पन्नास उठाबशा काढल्या, दुसऱ्या दिवशी चौघींना जिना उतरता येईना. उंचीप्रमाणे उभं करायला कटिंगमास्तरांनी टेप आणली. ते सवयीने छाती, खांदा, बाही असं सगळंच मापून वहीत उतरवायला लागले आणि त्यातच जेवणाची सुट्टी संपली.

कॉलरवाली म्हणून माझ्या शेजारी बसते ती तुला माहीत नसेल. कॉलरी लावते आणि जिभेने कापड कापते. ती म्हणाली, "ताई, तुमच्या भावाने शिकवलेली मुलं आज चालू शकतात का, एवढं विचारून घ्या."

काल मागच्या अंगणात खरा सराव केला, बटणवाल्या चौघींशी. त्या चार, आम्ही आठ. हरलो.

का हरलो ते ऐक, आणि हसलास तर बघ. शिवणाऱ्याच्या हाताला जन्मभर एकच धडा दिलेला असतो: दोरा ताणला की सैल सोड, नाहीतर तुटेल. तर दोर ताणला रे ताणला, की आमच्या सातही जणांचे हात आपोआप सैल पडले. ठरवून नाही, हातांनी आम्हाला विचारलंच नाही. बटणवाल्यांचं काम विजेच्या मशीनवर, त्यांना दोऱ्याची कदर नाही, त्यांनी ओढला. राहिला इस्त्रीवाला. तू सांगितल्याप्रमाणे त्याने दोर कमरेला बांधला होता, म्हणून तो दोराबरोबर गेला. पाच वेळा खेळलो, पाचही वेळा तो गेला. आता तो म्हणतो, मला अंधारच बरा.

दोन आठवडे राहिलेत. मला रात्र रात्र काळजी वाटते. जिंकलो नाही तर माझं काय होईल हे मला एकटीलाच माहीत आहे, आणि बाकीच्यांना मी सांगतेय की सगळ्यांच्या भल्यासाठी आहे. तसं ते आहेच. पण त्यांचे डोळे चांगले आहेत, त्या मागच्या हॉलमध्येही जन्म काढतील. तरी सगळे न कुरकुरता येतात. मला त्यांना ओढावं लागेल असं वाटलं होतं. कॉलरवालीचं तर नवलच, ती हल्ली जेवण घाईघाईने उरकते आणि आमच्या आधी जागेवर जाऊन बसते. कामाची एवढी हौस तिला कधीपासून आली कोण जाणे.

आणि डॉक्टरचं नाव पुन्हा काढू नकोस. कुणीतरी हातात टोकदार काहीतरी घेऊन माझ्या डोळ्याकडे येणार आणि मी शहाण्यासारखी बघत बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. टोकदार वस्तूंचा अनुभव मला तुझ्यापेक्षा जास्त आहे.

ताई


२१ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

यांच्या नकळत लिहितेय. हे पाठ शेकत पालथे पडलेत, त्यामुळे निवांत आहे.

आमच्या बाथरूमचं दार निघालं. तुमचं पत्र आल्यावर यांनी दाराच्या कडीला दोर बांधला आणि म्हणाले, प्रयोग आहे, मध्ये येऊ नकोस. मी कशाला येतेय. अर्धा तास ओढत होते. हात लाल, तोंड लाल, दार ढिम्म. मग साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि हे बसते झाले. दोर हातात तसाच, आणि दोन्ही टाचा खालच्या उंबऱ्याला. घाबरून यांनी पाय ताणले आणि दार बिजागऱ्यांसकट यांच्या अंगावर आलं.

वन्सं, आता तुम्हाला म्हणून सांगते. यांनी आयुष्यात दोर हातात धरलेला नाही. तीस वर्षं बाजूला उभं राहून शिट्टी वाजवली. यांच्या शाळेचा संघ एकदाच जिंकला, समोरचा संघ आला नव्हता तेव्हा. यांना सांगू नका, त्या कपाला मी अजून दर आठवड्याला फडकं मारते.

पण दार पडल्यावर माझ्या डोक्यात आलं ते असं. दार हातांनी निघालं नाही, पायांनी निघालं. तुमच्याकडे तुम्ही सोडून बहुतेक सगळ्या पायमशीनवर बसणाऱ्या. दिवसभर टाच-चवडा, टाच-चवडा चालूच असतं. हातांना ओढायला सांगूच नका. हातांनी फक्त धरायचं, काम पायांना द्यायचं.

डोळ्यांबद्दल मी काही वाचलेलं नाही, त्यामुळे काही लिहीत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं आपलं सहज लिहिलं.

तुमची भावजय


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, या वेळी पडूनच.

इकडे सर्व ठीक. बाथरूमच्या दाराला वाळवी लागली होती, ते पडलं.

तुझ्या अडचणीवर मी खोल विचार केला. निष्कर्ष असा की तुम्ही हात वापरताय ही मूळ चूक आहे. पाय वापरा. हे मला असंच शांतपणे बसलो असताना सुचलं. पत्र सामन्याआधी पोचेल असं बघ.

तुझा भाऊ


३ मार्च

चि. शिट्टीस,

दोन्ही हातांनी आशीर्वाद, कारण आज दोन्ही हात मोकळे आहेत आणि दोन्हींना फोड आलेत.

तुझं पत्र सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. वरातीमागून घोडं. पण दुसरीकडून एक शहाणं पत्र वेळेवर आलं होतं, त्यामुळे तुझ्यावाचून अडलं नाही.

जिंकलो. आता नीट सांगते.

गेला आठवडाभर आम्ही दोर ओढलाच नाही. ओळीने उभ्या राहून नुसते पाय चालवले. मास्तर कातरीने पत्र्याच्या डब्यावर ठोका द्यायचे, टक् म्हटलं की टाच, टक् म्हटलं की चवडा. बघणाऱ्यांना वाटलं आम्हाला काहीतरी झालंय. पॅकिंगवाले खिडकीतून बघून हसायचे, पैलवान तर एकदा खोक्यावर बसून हसला आणि खोकं बसलं.

परवा अंगणात सगळा कारखाना जमला. एकच डाव, कारण मालकांना जेवायला उशीर चालत नाही. मास्तर दोरावर होते, म्हणून डब्यावर बटणवालीला बसवलं. मालकांनी रुमाल टाकला आणि समोरून असा हिसका आला की माझी चप्पल पायातून निघून कॉलरवालीच्या पायाखाली गेली. आम्ही हातभर पुढे सरकलो. दोर ताणला, हात सैल पडायला निघाले, आणि मागून इस्त्रीवाला रडवेल्या आवाजात म्हणाला, "अहो, मी बांधलेला आहे."

त्या वाक्याने आम्हाला वाचवलं. सातही मुठी मिटल्या. मग डबा वाजायला लागला, टक्, टक्, आणि पायांना आपलं काम आठवलं. टाच रोवायची, चवडा मागे. एका ठोक्याला एक टाका, त्याहून जास्त नाही. समोर पॅकिंगवाले दमदार, पण खोकं उचलायची सवय प्रत्येकाला एकट्याने. एक ओढतोय तेव्हा दुसरा श्वास घेतोय, आणि पैलवान सगळ्यांवर ओरडतोय, त्यात त्याचाच दम गेला. आम्ही कुणी तोंडातून शब्द काढला नाही. शिवत शिवत मागे जात राहिलो. शेवटी माझी पाठ कशालातरी लागली, बघते तर पाण्याची टाकी. रेघ केव्हाच ओलांडली होती, आम्हाला थांबायचं कुणी सांगितलंच नव्हतं. मालक रुमाल शोधत होते.

पैलवानाने येऊन सगळ्यांशी हात मिळवला आणि दोर सोडवून इस्त्रीवाल्याला मोकळं केलं. चांगला माणूस आहे.

सोमवारी हॉल बदलायचा. मधल्या खिडकीची जागा सगळ्यांनी मला दिली. मी नको नको म्हटलं, फार नाही. माझी तीन वर्षं वाचली रे. आज मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार, आता उभ्याने जमतो.

तीन आठवडे झाले, पत्र नाही. जिंकल्यावर माणसं प्रशिक्षकाला विसरतात हे मी जाणतो, पण भावाला विसरू नये. कारखान्यात फोन केला तर कुणीतरी उचलून म्हणालं की तू कामावर आहेस, पण फोनवर येणार नाहीस. का येणार नाहीस ते मला ऐकू आलं नाही. हिने कान लावला, ती म्हणते पलीकडचा माणूसच गप्प बसला. नवा हॉल कसा आहे? उजेड पुरतो ना?

मी थट्टा करतोय असं वाटत असेल तर सांगतो, करत नाहीये. मला काळजी लागली आहे.

धाकटा


२८ मार्च

चि. धाकट्यास,

उजेड भरपूर आहे. मला दिसत नाही.

हे लिहायला मला इतके दिवस लागले. पहिल्या सोमवारी मधल्या खिडकीत बसले, ऊन थेट मांडीवरच्या कोटावर. सुई ओवली, म्हणजे कॉलरवालीने ओवून दिली, आणि खाली बघितलं तर काळ्यावर काळं होतं तसंच. उलट उन्हाने सगळं पांढुरकं झालं. मागच्या हॉलमध्ये निदान अंधाराला नावं ठेवता येत होती. मी तशीच बसून राहिले. आठ माणसांनी हातापायाचे तुकडे करून मिळवलेला उजेड, आणि तो माझ्या काही कामाचा नाही. हे कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आठ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. बोटांनी काजं करत राहिले. नवव्या दिवशी डबा खाऊन पाणी न पिताच परत आले, तर माझ्या जागेवर कॉलरवाली. तिच्या मांडीवर माझा कोट, आणि ती माझं काज उसवत होती. दाराशी कटिंगमास्तर राखण करत उभे होते. मला बघून ते नुसतेच खोकले, फार उशिरा.

मी तिला विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

ती म्हणाली, "काळी ऑर्डर आली तेव्हापासून. ओरडायचं असेल तर ओरडा, पण बसून ओरडा. पाय दुखत असतील."

सगळ्यांना ठाऊक होतं. माझी काजं ती उसवून पुन्हा करायची आणि मास्तर, तपासणीही त्यांच्याचकडे, ते कोट पुढे ढकलायचे. म्हणून एकही कोट परत आला नाही, आणि मी तिकडे माझ्या बोटांची तारीफ करत बसले होते. हॉलही त्यांना स्वतःसाठी नकोच होता. मास्तर तर म्हणाले की उन्हात त्यांचं डोकं दुखतं. ते ओढत होते ते माझ्यासाठी, आणि मला वाटत होतं मी त्यांना ओढतेय. आधी मला इतका राग आला की दोन दिवस कुणाशी बोलले नाही. फोनवर आले नाही ती तेव्हाच. मग राग गेला आणि रडू आलं, ते अजून अधूनमधून येतं.

काल मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन सगळे मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी पायरीवरून मागे फिरले. मागे इस्त्रीवाला उभा होता. त्याला हलवणं पॅकिंगवाल्यांना जमलं नाही, मला काय जमणार. बाकावर आठही जण ओळीने बसलो. आतून नर्स येऊन म्हणाली, "पेशंट कोण?" तर सात जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर म्हणाले दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. ऑपरेशन दहा एप्रिलला पहिल्या डोळ्याचं. मला फार भीती वाटते, धाकट्या. हे मी तुला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. पण हल्ली मी कुणाला काय सांगितलेलं नाही याचा काही भरवसा राहिलेला नाही.

ताई


२ एप्रिल

ताई,

नऊ तारखेला आम्ही दोघं येतोय. ही तुझ्यापाशी राहील. मी बाहेर बसेन, काही बोलणार नाही, काही सुचवणार नाही.

एक गोष्ट कबूल करायची आहे. मी कधी दोर ओढलेला नाही. बाजूला उभा असायचो. या खेपेला बाजूला उभा राहणार नाही.

धाकटा


१५ जून

चि. धाकट्यास आणि सौ. वहिनीस,

आशीर्वाद, दोन्ही डोळ्यांनी बघून दिलेले.

दुसरा डोळाही उत्तम झाला. तू पहिल्या खेपेला दवाखान्यात काही बोलणार नव्हतास, आणि आत डॉक्टरांना पायांच्या ठेवणीबद्दल सूचना दिल्यास, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. असो. मी बाहेर आले तेव्हा बाकावर सगळ्यात आधी तू दिसलास. तू एवढा म्हातारा झाला आहेस हे मला माहीत नव्हतं.

सोमवारपासून कामावर आहे. बसचा नंबर लांबून दिसतो. खिडकीच्या काचेवरचे डाग दिसतात, ते मी पुसले. दोरा दिसतो, टाका दिसतो, आणि इस्त्रीवाल्याच्या शर्टाला एकही बटण धड नाही हेही दिसतं.

काळ्या कोटांची शेवटची खेप, आधी मालकांच्या ‘बघू’मुळे आणि आता पावसामुळे, अजून गेलेली नाही, कपाटात टांगलेली आहे. परवा सहज एक कोट उतरवून बघितला. माझ्या नावाची पट्टी, आणि काजं कॉलरवालीची.

धाकट्या, इतकी वाईट काजं मी उभ्या आयुष्यात बघितली नाहीत. वाकडी, एक लांब, एक आखूड, टाके एकमेकांवर चढलेले. मी न बघता केलेली यापेक्षा बरी असणार. ती कॉलरी लावणारी बाई, काज तिला कधी येतच नव्हतं. तरी इतके महिने रोज अर्धं जेवण टाकून उठली, माझी उसवली आणि ही केली. आणि मास्तर, जे पाव इंचासाठी माणसाला उभं आडवं मापतात, त्यांनी ही एकेक बघून पुढे पाठवली.

कोट सत्तावीस आहेत. तिला कळलं तर तिचं तोंड उतरेल, आणि ते मला आता चांगलं दिसेल. म्हणून मी सकाळी सगळ्यांच्या आधी येते, कपाट उघडते, आणि तिची काजं उसवून पुन्हा करते. रोज दोन कोट होतात. आज मास्तर लवकर आले, त्यांनी बघितलं, दाराशी जाऊन उभे राहिले आणि या वेळी वेळेवर खोकले.

तुझी ताई